मेंढ्यांनी राखलेली फुलपाखरं

एप्रिल उजाडला की मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानांत एक ठरावीक प्रवासी हमखास भेटतो. मुलगा किंवा मुलगी स्लाव, हाउन्स्लो नाहीतर रीडिंगला नोकरीला. आईबाबा दोन-तीन महिन्यांसाठी निघालेले. सामानात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि काय काय बघायचं याची यादी. बिग बेन, मादाम तुसाद, विंडसरचा राजवाडा, एखाद्या शनिवारी स्टोनहेंज. या यादीत बॉक्स हिल सहसा नसते. खरं तर वॉटर्लू स्थानकावर गाडीत बसलं की तासाभरात या टेकडीच्या पायथ्याशी उतरता येतं. चढून वर गेलं की दिसतं ते गवत. तेही बोटभर उंचीचं, मध्येमध्ये काटेरी झुडपं, गाईगुरांचं शेण आणि उताराला पांढरे ओरखडे. “अरे, हा तर आपल्या सासवडकडचा माळ. यात बघायचं काय?” असं एखाद्या आईने मुलाला विचारलं, तर तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

बघायचं ते उभ्याने दिसत नाही. त्यासाठी मे महिन्यातल्या उन्हाच्या दिवशी त्या गवतात बसावं लागतं.

दक्षिण इंग्लंडच्या या टेकड्या खडूच्या आहेत. डोव्हरचे पांढरे कडे ज्या दगडाचे, तोच दगड केंट, सरे, ससेक्स, हॅम्पशायर, विल्टशायरभर पसरलेला आहे आणि लंडनच्या वायव्येला चिल्टर्नच्या रांगेत पुन्हा वर आला आहे. सुमारे दहा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात एकपेशीय शैवालांच्या चुन्याच्या अतिसूक्ष्म चकत्या तळाशी साचत गेल्या, त्यांचा हा दगड झाला. त्याच्यावर मातीचा थर जेमतेम वीतभर, कुठेकुठे चार बोटंही नाही. पाऊस पडला की पाणी सरळ खाली झिरपतं. नत्र नाही, स्फुरद नाही. शेतकऱ्याच्या हिशेबात ही जमीन अगदी हलकी.

आणि हलकी आहे म्हणूनच ती श्रीमंत आहे. सुपीक जमिनीत दोन-चार दांडगी गवतं बाकीच्यांना दाबून टाकतात. इथे कुणालाच तेवढं खायला मिळत नाही, त्यामुळे कुणाची दादागिरी चालत नाही. चांगल्या राखलेल्या माळावर एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातींच्या वनस्पती मोजल्या गेल्या आहेत. पिवळ्या घोसांची काउस्लिप, जमिनीलगत पसरणारी हॉर्सशू व्हेच, थाइम, पान चुरगळलं की काकडीचा वास देणारं सॅलड बर्नेट. हर्टफर्डशायरमध्ये थर्फील्ड हीथ नावाचा माळ आहे. तिथे ईस्टरच्या सुमारास पास्कफ्लॉवरची जांभळी फुलं येतात, ती बघायला लोक मुद्दाम जातात.

फुलपाखरांचा हंगाम त्याच्याही आधी सुरू होतो. मार्चमधल्या पहिल्या उबदार दुपारी ब्रिमस्टोन बाहेर पडतं. नर पिवळाजर्द. इंग्लंडमधली बहुतेक फुलपाखरं हिवाळा अंडं, अळी किंवा कोष म्हणून काढतात. ब्रिमस्टोन मात्र पूर्ण वाढ झालेलं फुलपाखरू म्हणून आयव्हीच्या पानांत पंख मिटून महिनोन्‌महिने बसून राहतं. पंखांची कड आणि शिरा पानासारख्या, त्यामुळे पक्ष्यांनाही पत्ता लागत नाही. एप्रिलमध्ये ऑरेंज टिप येतं. मग ग्रिझल्ड स्किपर आणि डिंजी स्किपर ही दोन छोटी, करडी-तपकिरी फुलपाखरं. नवखा माणूस यांना पतंग समजून पुढे जातो. ग्रीन हेअरस्ट्रीक तर पाचूसारखं हिरवं असूनही समोरच्या झुडपावर दिसत नाही, कारण बसल्यावर ते पंख कधीच उघडत नाही आणि मिटलेल्या पंखांची हिरवी बाजू पानांत मिसळून जाते.

मेच्या मध्यावर अडोनिस ब्लू उडू लागतं, आणि मग बाकीच्यांकडे थोडं दुर्लक्ष होतंच.

नर निळा असतो असं सांगून त्या निळ्याची कल्पना येत नाही. हा रंग रंगद्रव्याचा नाही. पंखांवरच्या खवल्यांची सूक्ष्म रचना प्रकाश अशी परतवते की कोन बदलला की निळा आणखी पेटतो. मोराच्या पिसातही हीच करामत असते. त्याच माळावर कॉमन ब्लू नावाचा भाऊबंदही उडत असतो. दोघांतला फरक पंखाच्या कडेला कळतो. अडोनिसच्या पांढऱ्या झालरीला बारीक काळ्या रेघा आडव्या छेदून जातात, कॉमन ब्लूची झालर कोरी असते. या खुणेसाठी फुलपाखरू हातभर अंतरावर यावं लागतं, आणि ते येतं. नर क्षारांच्या ओढीने ओल्या मातीवर आणि चक्क ताज्या शेणावर उतरतात. मादी तपकिरी. ती जमिनीलगत उडत हॉर्सशू व्हेचची पानं शोधत असते, कारण तिची अळी दुसरं काहीही खात नाही.

अळीची गोष्ट फुलपाखराहून नवलाची आहे. हिरव्या अंगावर पिवळे पट्टे असलेली ही अळी दिवसा चरते आणि तिच्या अंगावर कायम मुंग्या असतात. अळी गोड स्राव देते, मुंग्या त्या बदल्यात परजीवी माश्यांना आणि कोळ्यांना हुसकावून लावतात. रात्री मुंग्या अळीला भुसभुशीत मातीत हलकेच पुरून ठेवतात. पुढे कोष झाला की तोही मुंग्यांच्याच आसऱ्याला, जमिनीखाली. म्हणजे या निळ्या फुलपाखराला एक विशिष्ट वेल हवी, मुंग्या हव्यात, आणि मुंग्यांना ऊब हवी. ऊब हवी तर दक्षिणेकडे तोंड केलेला उतार हवा आणि गवत एक ते चार सेंटीमीटरच्या वर जाता कामा नये. गवत एवढं आखूड ठेवणार कोण?

याचं उत्तर इंग्लंडच्या इतिहासात आहे. या टेकड्यांवर मुळात जंगल होतं. नवाश्मयुगापासून माणसाने ते तोडलं आणि पुढची हजारो वर्षं तिथे मेंढ्या चारल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस ससेक्समधल्या ग्लाइंड गावच्या जॉन एलमन यांनी साउथडाउन ही मेंढीची जात नावारूपाला आणली. दिवसभर कळप टेकडीवर चरायचा आणि रात्री खालच्या शेतात, काठ्या-फळ्यांच्या हलत्या कुंपणात बसवला जायचा. टेकडीवरचं गवत लेंडीच्या रूपाने शेतात उतरायचं, गव्हाला खत मिळायचं आणि टेकडी कायम उपाशी राहायची. डोंगरावरची ही गरिबी शतकानुशतकं रोज संध्याकाळी नव्याने तयार केली गेली. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. दिवाळीनंतर धनगरांचे कळप दख्खनच्या पठारावरून कोकणात उतरतात, शेतकरी धान्य किंवा पैसे देऊन आपल्या रानात मेंढ्या बसवतात, हा व्यवहार आजही चालू आहे. ससेक्सचा मेंढपाळ आणि फलटणचा धनगर एकाच धंद्यातले.

त्या मेंढपाळांचं चित्र फार सोज्वळ रंगवायचं कारण नाही. व्हीटिअर नावाचा छोटा पक्षी आफ्रिकेच्या वाटेवर या टेकड्यांवर थांबायचा. मेंढपाळ गवताची ढेकळं उलटून त्याखाली फास लावायचे आणि शेकड्यांनी पकडलेले पक्षी ब्रायटनच्या खवय्यांना विकायचे. पगारापेक्षा ही वरकमाई बरी असायची.

विसाव्या शतकात हे सगळं मोडलं. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्यासाठी टेकड्या नांगरल्या गेल्या. युद्ध संपलं, पण नांगर थांबला नाही. सरकारी अनुदानं आणि रासायनिक खतं आली. जिथे नांगर पोचला नाही तिथे मेंढ्या उरल्या नाहीत. महायुद्धानंतर देशातला सुमारे ८० टक्के खडूचा माळ नाहीसा झाला, असं सर्रास सांगितलं जातं. उरलेल्या तुकड्यांवरचं गवत सशांनी आखूड ठेवलं होतं. हे ससेही मूळचे इंग्लंडचे नव्हेत, मध्ययुगात नॉर्मन लोकांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी पाळलेले. १९५३ मध्ये केंटमध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग शिरला आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक ससे मेले. गवत वाढलं, झुडपं माजली, जमीन थंड पडली. अडोनिस ब्लू जागोजागी दिसेनासं झालं. कुणी मारलं नाही, फवारणी झाली नाही. कुणी चरलं नाही, एवढंच झालं.

यातला सर्वांत महाग धडा लार्ज ब्लूने शिकवला. या फुलपाखराची अळी पहिले काही आठवडे थाइमच्या फुलांवर काढते, मग जमिनीवर पडते. मुंगी तिला आपलीच अळी समजून वारुळात नेते, आणि तिथे ही पाहुणी सुमारे दहा महिने यजमानांची पिल्लं खाऊन वाढते. विसाव्या शतकात लार्ज ब्लू भराभर कमी होऊ लागलं तेव्हा सगळ्यांनी संग्राहकांना दोषी धरलं. व्हिक्टोरियन काळापासून जाळ्या घेऊन फिरणारे, टाचण्या टोचून कपाटं भरणारे हौशी लोक होतेच. संशय जाणं साहजिक. मग कुंपणं घालून जागा राखीव केल्या गेल्या. माणसं बाहेर राहिली, त्यांच्याबरोबर गुरं आणि मेंढ्याही बाहेर राहिल्या. फुलपाखरू आणखी वेगाने गेलं.

जेरेमी थॉमस या तरुण संशोधकाने १९७० च्या दशकात शेवटच्या वसाहतीजवळ मुक्काम ठोकून खरं कारण शोधलं. अळीला कुठलीही लाल मुंगी चालत नाही, ‘मिर्मिका साब्युलेटी’ हीच जात लागते. गवत काही सेंटीमीटर वाढलं की जमिनीचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, ही मुंगी निघून जाते आणि तिच्या जागी दुसरी जात येते. त्या दुसरीच्या वारुळात अळ्या जगत नाहीत. कोडं सुटलं तेव्हा फार उशीर झाला होता. १९७९ मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झाल्याचं जाहीर करावं लागलं. पुढे स्वीडनच्या ओलांद बेटावरून अळ्या आणून १९८३ पासून ते पुन्हा वसवलं गेलं. आज नैऋत्य इंग्लंडच्या चुनखडीच्या टेकड्यांवर, चराई नेमून दिलेल्या उतारांवर, ते जूनमध्ये उडताना दिसतं. संरक्षण म्हणजे कुंपण, या समजुतीची किंमत एका देशाने एक जात गमावून मोजली, हे महाराष्ट्रात वनखात्याच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगायला हवं.

मात्र म्हणून सरसकट मेंढ्या सोडून द्या, असंही नाही. हॅम्पशायरमध्ये, निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांच्या सेलबोर्न गावाजवळ, नोअर हिल आहे. मध्ययुगात खडू काढून सोडलेल्या खड्ड्यांनी भरलेली ही टेकडी ड्यूक ऑफ बर्गंडी या अंगठ्याच्या नखाएवढ्या केशरी-तपकिरी फुलपाखरासाठी प्रसिद्ध आहे. रिओडिनिडी या कुळातलं युरोपातलं हे एकमेव फुलपाखरू. सह्याद्रीत त्याच कुळातलं प्लम ज्युडी दिसतं. मे महिन्यात नर झुडपाच्या आडोशाला एखाद्या पानावर ठाण मांडतो आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकावर, मग ती माशी का असेना, धावून जातो. मादी काउस्लिपच्या पानाखाली अंडी घालते. अळी रात्री खाते, त्यामुळे ती दिसत नाही. पानावर पडलेली बारीक भोकं मोजून जाणकार तिचा अंदाज घेतात. या अळीला मोठी, रसदार, सावलीतली पानं लागतात. अडोनिसला मानवणारी चराई इथे झाली तर ड्यूकचं घर उठतं. ब्रिमस्टोनची अळी जगते बकथॉर्नवर, म्हणजे थोडी झुडपंही हवीत. त्यामुळे माळ राखणं हे रोजचं, डोळस काम होऊन बसतं: या उतारावर शरद ऋतूत गुरं, त्या कोपऱ्यात एक वर्षाआड मेंढ्या, पलीकडची झुडपं हिवाळ्यात तोडायची पण सगळी नाही.

हे काम करतं कोण, हेही बघण्यासारखं आहे. बॉक्स हिलवर नॅशनल ट्रस्ट या संस्थेची काळी, मध्ये पांढरा पट्टा असलेली बेल्टेड गॅलोवे गुरं चरतात. ब्रायटन शहराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत पिण्याचं पाणी सुरक्षित राहावं म्हणून आजूबाजूच्या टेकड्या विकत घेतल्या होत्या, कारण खडूत मुरलेलं पाणीच शहराच्या विहिरींत येतं. आता त्यातल्या काही माळांवर पालिकेच्या मेंढ्या चरतात आणि त्यांच्यावर नजर ठेवायला शहरातले सामान्य नागरिक प्रशिक्षण घेऊन पाळीपाळीने जातात. शाळामास्तर, निवृत्त कारकून, कॉलेजची मुलं सकाळी मेंढ्या मोजतात. जानेवारीच्या थंडीत करवत घेऊन झुडपं तोडणारेही असेच हौशी लोक. बाहेरच्या पाहुण्याला हे वेड वाटेल. झाडं तोडून निसर्ग वाचवणं ही कल्पना पचायला वेळ लागतो.

काही माळ योगायोगानेही वाचले, आणि हे योगायोग गमतीचे आहेत. स्टोनहेंज ज्या पठारावर उभं आहे त्या सॉल्झबरी प्लेनवर लष्कराने १८९७ पासून जमिनी घेतल्या. तोफांच्या सरावामुळे तिथे नांगर आला नाही, खत आलं नाही. आज वायव्य युरोपातला खडूच्या माळाचा सर्वांत मोठा पट्टा तो आहे. रणगाड्यांच्या चाकोऱ्यांत साचलेल्या पाण्यात फेअरी श्रिंप नावाचा दुर्मीळ कवचधारी जीव वाढतो आणि त्याची अंडी पुढच्या डबक्यात नेऊन टाकण्याचं काम रणगाडेच करतात. हे फुकट मिळालं असं मात्र नाही. तिथल्या इंबर गावच्या लोकांना डिसेंबर १९४३ मध्ये घरं सोडायला लावली, ती त्यांना परत मिळाली नाहीत. याच पठारावर २००४ पासून ग्रेट बस्टर्ड, म्हणजे आपल्या माळढोकाचा युरोपीय नातलग, पुन्हा वसवण्याचा प्रयत्न चालू आहे. ब्रिटनमध्ये १८३२ नंतर त्याची वीण थांबली होती. २००९ मध्ये पुन्हा पिल्लं निघाली. इकडे नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, आणि महाराष्ट्रातून माळढोक जवळजवळ गेलाच.

फुलपाखरं कमी झाली की वाढली, हे नुसतं वाटून चालत नाही. इंग्लंडमधली खरी शिकण्यासारखी गोष्ट ही मोजणी आहे. अर्नी पोलार्ड या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधी पद्धत बसवली. ठरलेल्या वाटेवरून आठवड्यातून एकदा चालायचं, एप्रिल ते सप्टेंबर, २६ आठवडे. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्यात जे दिसेल तेच लिहायचं. तापमान १३ अंशांच्या खाली असेल तर जायचं नाही, पावसात जायचं नाही, वेळ दुपारच्या आसपासची. १९७६ पासून देशभर ही नोंद चालू आहे. पन्नास वर्षांची ही वही भरली ती बहुतांश स्वयंसेवकांनी. त्यात पगार नाही, मानधन नाही. वही, पेन्सिल आणि चिकाटी एवढंच भांडवल. या नोंदी होत्या म्हणून कुठलं फुलपाखरू किती घटलं, चराई बदलल्यावर कुठे परतलं, हे आकड्यांत सांगता आलं. या नोंदीशिवाय दर उन्हाळ्यात ‘बिग बटरफ्लाय काउंट’ असतो, त्यात तर घराच्या बागेत पंधरा मिनिटं बसून कुणीही भाग घेऊ शकतो. २०२४ मध्ये त्याचे आकडे आजवरचे सर्वांत कमी आले आणि ‘बटरफ्लाय कॉन्झर्व्हेशन’ या संस्थेने आणीबाणी जाहीर केली.

जुन्या नोंदींचा उपयोग कसा अनपेक्षित ठिकाणी होतो, त्याचं उदाहरण अर्ली स्पायडर ऑर्किडचं. एप्रिल-मेमध्ये केंट-ससेक्सच्या माळांवर फुलणारं हे ऑर्किड एका एकट्या राहणाऱ्या मधमाशीच्या मादीचा गंध सोडतं. नर फसतो, फुलाशी झोंबतो आणि परागीभवन होऊन जातं. मादीच्या आधी नर बाहेर पडतात, त्या मधल्या दिवसांत फुलाचा कारभार उरकतो. संशोधकांनी १८४८ पासूनचे वाळवून ठेवलेले नमुने तपासले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला: वसंतातलं तापमान एक अंशाने वाढलं की फूल सुमारे सहा दिवस लवकर येतं, नर माशी नऊ दिवस, आणि मादी तब्बल पंधरा दिवस लवकर येते. मादीच आधी हजर झाली तर फुलाकडे कोण बघणार? ज्या संग्राहकांना आज नावं ठेवली जातात, त्यांच्याच कपाटातून हा पुरावा निघाला. या ऑर्किडची एक मोठी वसाहत कुठे आहे? डोव्हरजवळ सॅम्फायर हो इथे, चॅनल टनेल खणताना निघालेला खडू टाकून तयार केलेल्या जमिनीवर.

माणसाने तयार केलेल्या जमिनीचं आणखी एक उदाहरण महाराष्ट्राच्या बांधकाम खात्याने जरूर बघावं. डॉर्सेट परगण्यात वेमथचा नवा रस्ता २०११ मध्ये सुरू झाला. रस्त्याच्या कडेच्या उतारांवर सुपीक माती पसरून गवत लावायचा रिवाज आहे. इथे ती माती टाकलीच नाही. खडू उघडा ठेवला आणि रानफुलांचं बी पेरलं. किडनी व्हेच आली, तिच्यावर जगणारं स्मॉल ब्लू हे ब्रिटनमधलं सर्वांत लहान फुलपाखरू आलं, आणि काही वर्षांत त्या रस्त्याच्या कडेला तीस जातींची फुलपाखरं नोंदली गेली. सगळ्या ब्रिटनमध्ये जाती आहेत साठेक. वर गवत कापायचा खर्चही वाचला.

आता प्रश्न असा, की हे सगळं मराठी माणसाने कशासाठी वाचायचं? ब्रिटनमध्ये फुलपाखरं साठेक, एकट्या महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी पट. ब्लू मॉर्मनला २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान देणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र. आपल्याला त्यांच्याकडून काय घ्यायचं?

घ्यायचं ते माळाविषयीचं शहाणपण. एक फरक आधी नोंदवायला हवा. इंग्लंडचा खडूचा माळ माणसाने जंगल तोडून केला. चराई थांबली की तो पुन्हा जंगल होतो. दख्खनचा माळ तसा नाही. कमी पाऊस, उथळ जमीन, वणवे आणि चरणारे प्राणी यांच्यातून तो आपसूक घडला आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी कथा-ओव्यांमधले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले आणि पश्चिम महाराष्ट्रातली गवताळ राने किमान साडेसातशे वर्षं तशीच असल्याचं दाखवलं. म्हणजे इंग्रज लोक आपल्या हाताने घडलेला माळ राखायला थंडीत करवती घेऊन राबतात, आणि आपण निसर्गाने दिलेला माळ ‘पडीक’ म्हणून नोंदवतो. उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही झुडपी रानं आणि कुरणं येतात. पडीक ठरलं की खड्डे खणायला मोकळीक. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. त्यातली किती जगली याचा वाद वेगळा. किती खड्डे चिंकारा, लांडगे आणि चंडोलांच्या घरात खणले गेले, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. बाहेरून आणलेली ग्लिरिसिडिया माळावर लावून हिरवा डाग दाखवता येतो. त्याखाली गवत उरत नाही, गवतावरची अळी उरत नाही, अळीवर पिल्लं पोसणारा चंडोलही उरत नाही.

चराईबंदीबद्दलही पुन्हा विचार व्हायला हवा. पाणलोटाच्या कामात काही वर्षं चराई थांबवून अनेक गावांचं भलं झालं, हे खरंच आहे, आणि बेसुमार चराईने माळ उजाड होतो हेही खरं. पण धनगराला कायमचं हाकलून माळ सुधारतो, याला आधार नाही. लार्ज ब्लूच्या कुंपणाने ते दाखवून दिलं आहे. कुठे, कधी, किती जनावरं, हे ठरवायला आधी माहिती हवी. ती माहिती वातानुकूलित खोलीत तयार होत नाही. धनगराला ती बरीचशी तोंडपाठ असते, आणि उरलेली चालून, मोजून मिळते. मोजायला भारी कॅमेरा लागत नाही. सासवड, सुपे, इंदापूरच्या कडबनवाडीचा माळ, नगर-सोलापूरकडची गायरानं. प्रत्येक तालुक्यात एक शाळा आणि एक ठरलेली वाट एवढ्यावर भागेल. पेंटेड लेडी हे फुलपाखरू आफ्रिकेतून वाळवंट आणि समुद्र ओलांडून मे महिन्यात बॉक्स हिलवर उतरतं. तीच जात आपल्या माळावरही उडते. तिकडे तिची पन्नास वर्षांची नोंद आहे, तशी एका ठरल्या वाटेवरची अखंड नोंद इकडच्या माळांवरही असायला हवी होती.

जूनमध्ये वृक्षारोपणाची पत्रकं निघतील, कंपन्यांच्या निधीतून रोपं येतील, शाळांना फोन जातील. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी त्या वेळी एवढं विचारावं: ही जागा आधी जंगल होती, की माळच होता? माळ असेल तर खड्डे दुसरीकडे खणा. आणि सप्टेंबरमध्ये, गवत कमरेला आलेलं असताना, मुलांना वही-पेन्सिल देऊन त्याच जागेवर अर्धा तास चालायला न्या. देशभरातला ‘बिग बटरफ्लाय मंथ’ त्याच महिन्यात असतो आणि नोंदी कुणालाही पाठवता येतात.